जुन्या कुलपाची भोकं बंद करताना: आधी भरणी, शेवटी पट्टी

नागपूरच्या सीताबर्डी, सदर किंवा धरमपेठेत गाळ्याचा भाडेकरू बदलला की पहिलं काम कुलूप बदलण्याचं असतं. जुनं मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या कडेत खोबण खोदून बसवलेलं कुलूप, निघतं, नवं चार बोटं वर किंवा खाली बसतं आणि दारात एक भोक उरतं. त्यावर स्टीलची पट्टी लागते, चार स्क्रू मारले जातात आणि मिस्त्रीचे पैसे चुकते होतात. वर्षभरात पट्टी डुलायला लागते, स्क्रू नुसतेच गोल फिरतात, आणि कुलपापाशी दार हाताने दाबलं तर आत दबतं. पट्टीखाली धरायला काही नसतंच, म्हणून हे होतं.

दुकानदार, डॉक्टर, ऑफिस सांभाळणारे आणि त्यांच्याकडे काम करणारे सुतार व फॅब्रिकेटर यांच्यासाठी हा लेख आहे. पट्टी आधी आणून मग दाराकडे बघायचं, ही सवय मोडावी एवढाच माझा आग्रह आहे. खालचा क्रम सोडू नका.

## १. दार कोणत्या जातीचं, ते आधी ओळखा

दार कशाचं आहे, यावर पुढचं सगळं काम ठरतं. दुकान-ऑफिसात साधारण पाच प्रकार भेटतात: लाकडी फ्लश डोअर, आतून पोकळ पत्र्याचं लोखंडी दार, अॅल्युमिनियम सेक्शनचं दार, १२ मिमी टफन्ड काचेचं दार आणि अग्निरोधक दार.

अग्निरोधक दार ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकी दारांना चालणारी युक्ती तिथे धोक्याची ठरते. बिजागरीच्या बाजूची कड आणि वरची कड नीट बघा. तिथे कंपनीची धातूची पाटी असते. दाराच्या कडेला किंवा चौकटीत एक खाच असते आणि त्यात आगीत फुगणारी पट्टी बसवलेली असते. दार जड असतं आणि वर बहुतेक वेळा दार आपोआप लावणारा हायड्रॉलिक क्लोजर असतो. कॉम्प्लेक्समधलं जिन्याचं दार, हॉस्पिटलच्या वॉर्डचं दार, इलेक्ट्रिक रूमचं दार ही अशी दारं असू शकतात.

इशारा: अग्निरोधक दारात साधी लाकडी भरणी, एम-सील किंवा पीयू फोम घालू नका. बाजारात मिळणारा साधा फोम स्वतःच पेटतो. भोक पूर्ण भरेल असा स्टीलचा बोल्ट, त्याच दाराच्या जातीचं साहित्य, किंवा दाराच्या कंपनीने चालेल म्हणून सांगितलेली भरणी आणि पट्टी, एवढंच तिथे चालतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून ‘ब’ नमुन्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तुमच्या इमारतीचं प्रमाणपत्र जी एजन्सी देते, तिला दार दाखवून विचारा, मगच हात लावा. पाटीवर रंग फासू नका आणि ती काढूही नका.

सुटकेच्या दारावरचा पॅनिक बार (अंगाने ढकलला की दार उघडणारा आडवा दांडा) बिघडला म्हणून काढून टाकायचा आणि भोकं झाकायची, हे कधीही करू नका. तिथे नवा बारच बसवायचा. धुराने भरलेल्या जिन्यात माणूस अंगाने दार ढकलतो, कडी शोधत बसत नाही.

## २. झाकायचंच आहे का, हे ठरवा

नवं कुलूप विकत घेण्याआधी जुन्या भोकाची मापं खिशात ठेवा. लांब पट्टीचं हँडल घेतलं तर जुनी किल्लीची आणि दांड्याची भोकं त्याच्याच खाली जातात, वेगळी पट्टी लागत नाही. गोल मुठीचं सिलिंड्रिकल लॉक असेल तर दारावरचं भोक बहुतेक ५४ मिमीचं आणि कडेचं २५ मिमीचं असतं. त्याच मापाचं नवं कुलूप सहज मिळतं. जुन्या जागी नवं सामान बसत असेल तर तेच करा, ती दुरुस्ती सगळ्यात टिकाऊ असते.

डिजिटल लॉक घेणाऱ्यांची चूक इथेच होते. डब्यावरचं चित्र बघून कुलूप आणतात, आणि बसवायला आलेला माणूस त्याच्या साच्यावरून नवी खोबण खोदतो. जुनी आणि नवी खोबण एकमेकींत घुसतात. दोन्हींच्या मधे ५० मिमीपेक्षा कमी लाकूड उरणार असेल तर क्रम असा: जुनी खोबण भरा, गोंद पूर्ण सुकू द्या, मगच नवी खोदा. उलट केलं तर नव्या कुलपाला पकड राहत नाही.

## ३. जुनं सामान आणि वायरी काढा

स्क्रू काढताना ते कुठल्या भोकातले होते आणि किती लांब होते, हे बघून ठेवा. छोटे स्क्रू निघाले तर आतलं लाकूड बहुतेक शाबूत असतं. लांब स्क्रूही सैल निघाला तर आतलं लाकूड कुजलंय किंवा भुगा झालंय, असं समजा.

बायोमेट्रिक मशीन किंवा मॅग्नेटिक लॉक काढत असाल तर आधी मेन स्विच बंद करा. कुलपाला १२ व्होल्टच जात असले तरी त्याचा अॅडॉप्टर २३० व्होल्टवर चालतो, आणि तो बऱ्याचदा फॉल्स सीलिंगमध्ये लपलेला असतो. वायर नुसती कापून चौकटीत ढकलू नका. अॅडॉप्टरपासून सोडवा, प्रत्येक टोकाला वेगळी टेप लावा, आणि पुढे लागणार असेल तर टोकावर चिठ्ठी बांधा.

तपासणी: सगळं काढल्यावर दार एकदा पूर्ण उघडा, बंद करा. घासत असेल, खाली बसलं असेल तर आधी बिजागऱ्या दुरुस्त करा. बसलेल्या दारावर सरळ लावलेली पट्टी दार उचलल्यावर वाकडी दिसते.

## ४. माप घ्या, पुठ्ठ्याचा साचा करा

मोजपट्टीने लांबी-रुंदी घेऊन थांबू नका. पाच मापं लागतात: भोकाची लांबी, रुंदी, खोली, दाराच्या कडेपासून अंतर आणि दाराची जाडी. खोली मोजायला पातळ सळई आत घाला आणि कडेशी बोट धरून बाहेर काढा. दोन ठिकाणी मोजा, कारण हाताने खोदलेल्या खोबणीचा तळ क्वचितच सपाट असतो.

मग पुठ्ठा घ्या, लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. भोकावर धरून आतून पेन्सिलने कड आखा. त्या आकाराच्या चारही बाजूंनी किमान १५ मिमी वाढवा. ही तुमच्या पट्टीची कड. प्रत्येक स्क्रू भोकाच्या काठापासून १० मिमी तरी लांब, घट्ट लाकडात आला पाहिजे. साच्यावर स्क्रूच्या जागा टिंबांनी दाखवा. जुन्या स्क्रूच्या भोकात नवा स्क्रू येत असेल तर टिंब सरकवा.

आता दार बंद करून बघा, आणि इथे घाई करू नका. चौकटीत दार ज्या खाचेला टेकतं, तिथे दाराचा कडेचा १२ ते १५ मिमी भाग चौकटीवर दाबला जातो. त्या बाजूच्या पट्टीने ही जागा व्यापली तर दार पूर्ण बंदच होणार नाही. जोर लावून बंद केलं तर बिजागऱ्यांवर ताण येतो. साचा दाराला टेपने चिकटवून दार लावा. पुठ्ठा चुरगळला तर पट्टी तेवढी कमी करा.

## ५. लाकडी दाराची भरणी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात, म्हणून सविस्तर सांगतो.

साफसफाई. जुन्या कुलपाचं ग्रीस लाकडात मुरलेलं असतं आणि ग्रीसवर गोंद धरत नाही. थिनरच्या कापडाने आतून पुसा आणि वाळू द्या. भुगा झालेलं लाकूड पटाशीने खरवडून घट्ट लाकूड लागेपर्यंत काढा. भोक थोडं मोठं झालं तरी चालेल.

गुटका. कडेची खोबण भरायला वाळलेल्या लाकडाचा एक अखंड गुटका हवा. लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये असे उरलेले तुकडे मिळतात. ओलं लाकूड घेऊ नका, नागपूरच्या उन्हाळ्यात ते आकसतं आणि गुटका आत खुळखुळतो. लाकडाची रेघ दाराच्या उभ्या कडेशी समांतर ठेवा.

गोंद न लावता गुटका एकदा बसवून बघा. अंगठ्याच्या जोराने आत गेला पाहिजे. हातोडा मारावा लागत असेल तर रंधा मारून कमी करा. ३२ मिमीच्या दारात १६ मिमीची खोबण खोदली की दोन्ही बाजूंना जेमतेम ८ मिमी उरतं. ठोकून घातलेला गुटका ती भिंत बाहेर ढकलतो, प्लाय सुटतं आणि सनमायकावर फुगा येतो. नंतर तो कशानेही बसत नाही.

गोंद आणि शिकंजा. गोंद गुटक्याच्या चारही अंगांना आणि खोबणीच्या भिंतींनाही लावा. गुटका कडेबाहेर २ मिमी राहू द्या. दाराच्या दोन्ही तोंडांवर प्लायचे तुकडे ठेवून शिकंजा आवळा, बाहेर आलेला गोंद ओल्या कापडाने पुसा आणि २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात आणखी एक दिवस द्या. गिऱ्हाईक उभं आहे म्हणून दोन तासांत पट्टी मारणारे मिस्त्री खूप आहेत, त्यांना थांबवणं तुमच्याच हातात आहे.

एपॉक्सी वापरत असाल तर मे महिन्यातल्या दुपारी थोडं थोडंच कालवा. ४५ अंशांच्या उकाड्यात ते वाटीतच घट्ट होऊन बसतं. सकाळी लवकर काम करा.

गोल भोक. ५४ मिमीच्या भोकासाठी ५४ मिमीच्याच होल सॉने, म्हणजे गोल करवतीच्या ड्रिलने, प्लायची चकती कापली तर ती सैल बसते. सॉचे दात लाकूड खातात, तेवढी चकती लहान येते. ६० मिमीच्या सॉने कापा आणि कड पॉलिश पेपरने घासत घट्ट बसेपर्यंत कमी करा. चकतीच्या मधोमध पडलेलं ड्रिलचं भोक छोट्या लाकडी खुंटीने बुजवा. दार आतून पोकळ असेल तर चकती आत पडते. अशा वेळी आधी भोकातून दोन लाकडी पट्ट्या तिरप्या आत घाला, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, बाहेरून एकेक स्क्रूने धरा आणि मग त्यांच्यावर चकती बसवा.

जुन्या स्क्रूची भोकं. काडेपेटीच्या काड्या आणि गोंद हा उपाय घरच्या कपाटाला ठीक आहे. दिवसातून शेकडो वेळा उघडणाऱ्या दुकानाच्या दाराला ६ किंवा ८ मिमीचं भोक पाडून लाकडी खुंटीच घाला.

लांबी. सगळं सुकल्यावर गुटका रंध्याने कडेबरोबर आणा आणि फटी लांबीने, म्हणजे लाकडाच्या पुट्टीने, भरा. लांबी दोन-तीन मिमीच्या फटीपुरती असते. अख्खं भोक लांबीने भरलं तर ती वरून सुकते आणि आत ओली राहते. पुढे तडकते, आणि तिच्यात मारलेला स्क्रू पहिल्याच धक्क्याला निघतो.

तपासणी: भरलेल्या जागेवर बोटाच्या हाडाने टकटक करा. आजूबाजूच्या लाकडासारखा भरीव आवाज आला पाहिजे. पोकळ आवाज आला तर पट्टी लावू नका, पुन्हा उघडा.

## ६. लोखंडी आणि अॅल्युमिनियमचं दार

लोखंडी दार दोन पत्र्यांचं असतं आणि मधे भरणी किंवा पोकळी असते. भोकाची कड आधी कानशीने गुळगुळीत करा. मग भोकापेक्षा ४० मिमी लांब लोखंडी पट्टी तिरपी करून आत घाला, तारेने बाहेर ओढून धरा आणि वर-खाली पॉप रिव्हेटने, म्हणजे एकाच बाजूने दाबून बसणाऱ्या धातूच्या खिळ्यांनी, बसवा. ही झाली मागची टेकण. तिच्यावर भोकाच्या आकाराचा पत्रा बसवून वेल्डिंगचे चार ठिपके द्या, ग्राइंडरने सपाट करा, गाडीला वापरतात ती बॉडी पुट्टी, प्राइमर आणि रंग. असं केलं तर वरून पट्टीची गरजही पडत नाही. वेल्डिंगच्या आधी आतली भरणी बघून घ्या, थर्माकोल किंवा पुठ्ठ्याची जाळी असेल तर ती पेट घेते. तिथे रिव्हेटच वापरा. उघडा झालेला पत्रा प्राइमरविना पावसाळ्यात सोडू नका.

अॅल्युमिनियमचा सेक्शन पातळ असतो, त्यात नुसता स्क्रू लवकर झिजतो. त्याच रंगाची पावडर कोटिंग केलेली अॅल्युमिनियम पट्टी आणि पॉप रिव्हेट पुरेसे आहेत.

## ७. काचेचं दार

इशारा: टफन्ड काचेला ड्रिल, कानस किंवा ग्राइंडर लावू नका. एकदा टफन केलेली काच पुन्हा कापता येत नाही, अख्खं दार क्षणात बारीक तुकडे होऊन खाली येतं. ‘थोडंसं भोक मोठं करतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

काचेतला खाचा बंद करायचा एकच सुरक्षित मार्ग आहे. आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन स्टीलच्या पट्ट्या, त्यांना जोडणारे बोल्ट मूळ खाचातूनच जाणारे, काच आणि धातूमध्ये रबर किंवा फायबरचं गॅस्केट, आणि बोल्टवर नायलॉनची नळी. धातू कुठेही काचेला टेकता कामा नये. बोल्ट हाताने आवळून मग पान्याने थोडासाच फिरवा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाची काच दुपारभर तापते, धातूचा एकच टोकदार स्पर्श तिला पुरतो.

## ८. पट्टी निवडा आणि लावा

आता बाजारात जा. इतवारी-गांधीबागच्या हार्डवेअरच्या दुकानात तयार पट्ट्या मिळतात, पण माप जुळलं नाही तर साचा देऊन फॅब्रिकेटरकडून कापून घ्या. साधारण १.५ मिमी जाडी पुरते. दवाखाना, हॉटेल किंवा रोज फिनाईलने पुसलं जाणारं दार असेल तर ३०४ दर्जाचं स्टेनलेस मागा. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४, हे खरं नाही, २०२ या दुसऱ्या दर्जालाही तो चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घ्या. कोपरे गोल आणि कडा कानशीने मारलेल्या हव्यात, गर्दीत साडीचा पदर आणि मुलांची बोटं तिथेच अडकतात.

दाराला रंग किंवा पॉलिश पट्टीच्या आधी पूर्ण करा. पट्टी लावून भोवताली रंग मारला तर कडेशी थर जमतो आणि पुढच्या वेळी पट्टी काढताना रंगाची साल निघते.

पट्टी टेपने धरा, गुण्या लावून सरळ करा, स्क्रूच्या जागा टोच्याने उमटवा. ८ नंबरच्या स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा. स्क्रू तिरप्या क्रमाने आवळा: वरचा डावा, खालचा उजवा, मग उरलेले. एका बाजूचे सगळे आधी आवळले तर पट्टीची दुसरी बाजू उचलली जाते.

इशारा: रस्त्याकडच्या दाराला बाहेरून स्क्रू मारू नका. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलेल्या कुणालाही तो दोन मिनिटांत काढता येतो, आणि पट्टीखाली भरणी नसेल तर त्याचा हात थेट आतल्या कडीपर्यंत जातो. बाहेरून गुळगुळीत गोल डोक्याचे ५ किंवा ६ मिमीचे बोल्ट घाला, आतून दुसरी पट्टी आणि तिच्यावर नट. मेडिकल, सराफा आणि मोबाईलच्या दुकानांना दुसरा पर्याय नाही. नटाबाहेर आलेला बोल्टचा दांडा कापून कानस मारा.

कडेवर वळणारी यू आकाराची पट्टी लावत असाल तर दार आणि चौकटीमधली फट मोजा. ती साधारण ३ मिमी असते. १.५ मिमीची पट्टी त्यातला निम्मा भाग खाते आणि पावसात फुगलेलं दार मग चौकटीत अडकतं. कडेवर पट्टीच्या जाडीएवढी खाच पाडून ती दाराशी समपातळीत बसवा.

## ९. चौकट विसरू नका

दारावरचं भोक बंद झालं, पण चौकटीत जुन्या कुलपाची जीभ जायची ती खाच तशीच राहते. तिच्यात धूळ साचते, पाली शिरतात, आणि नव्या कुलपाची जीभ चुकून तिच्यात अडकली तर दार उघडेना होतं. लाकडी चौकटीत गुटका आणि सपाट पट्टी. लोखंडी चौकटीत मागे टेकण देऊन पत्रा. मॅग्नेटिक लॉकची वरची भोकंही याच वेळी बुजवा. बिजागरी हलवली असेल तर तिच्या जुन्या खाचेत तेवढ्याच जाडीची फळी चिकटवून रंधा मारा.

## १०. शेवटची तपासणी

मिस्त्रीला पैसे देण्याआधी हे करून बघा. दार बंद असताना पोस्टकार्ड वरपासून खालपर्यंत फटीतून सरकवा, पट्टीपाशी अडकलं तर पट्टी पुढे आली आहे. क्लोजरवर दार सोडून द्या, हाताची मदत न घेता ते पूर्ण लागलं आणि जीभ चौकटीत गेली पाहिजे. तळहाताने पट्टीच्या मधोमध जोरात दाबा, काहीही हललं नाही पाहिजे. रात्री आत टॉर्च लावून बाहेरून बघा. उजेड दिसतो तिथून कूलरची हवा बाहेर जाते आणि मुंग्या आत येतात, तिथे पुट्टी कमी पडली आहे.

काढलेलं कुलूप, किल्ल्या आणि पट्टीचा पुठ्ठ्याचा साचा एका पिशवीत घालून दाराचं नाव आणि तारीख लिहा. गाळा भाड्याचा असेल तर ही पिशवी मालकाच्या ताब्यात द्या, करार संपताना दार होतं तसं करून मागणारे मालक असतात. आणि पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये एकदा सगळे स्क्रू-बोल्ट आवळून घ्या, कारण फुगलेलं लाकूड तेव्हा पुन्हा बसतं.